घरगाडींतील बाळंतीण

‘खारीचा वाटा’ हा वाक्प्रचार मीं चौतीस वर्षांच्या मास्तरकींत किती वर्गांना समजावून दिला असेल, याची गणती नाहीं. सेतु बांधला जात असतां एक चिमुकली खार वाळूंत लोळे, अंगाला चिकटलेले कण सेतूवर नेऊन झटकी, आणि तिच्या या सेवेनें संतुष्ट होऊन रामानें तिच्या पाठीवरून बोटें फिरविलीं. तेच हे पट्टे. मुलें आनंदानें ऐकत. मग मी नेमानें सांगें कीं, ही कथा वाल्मीकींनीं लिहिलेली नाहीं, लोकांनीं ती मागाहून प्रेमानें रामकथेला जोडिली. आणि एखादा चौकस मुलगा नेमानें विचारी कीं, बोटें तर पांच, मग आपल्या अंगणांतल्या खारीला पट्टे तीनच कां? दक्षिणेकडील खारीला तीन आणि उत्तरेकडील खारीला पांच पट्टे असतात, ही प्राणिशास्त्राची बाब आहे, रामाच्या हाताची नव्हे, असें सांगून मी धडा पुढें नेईं.

गेल्या वसंत ऋतूंत मला जी खार भेटली, तिच्या पाठीवर मात्र एकही पट्टा नव्हता. ती नखशिखांत काळी होती, आणि आमच्या मुलाच्या मालकीच्या एका चालत्या घरांत ती बाळंत झालेली होती.

आमचा मुलगा गेलीं सोळा वर्षें अमेरिकेंत, मिशिगन राज्यांतील ॲन आर्बर या गांवीं असतो. मार्चअखेर आम्ही उभयतां सहा महिन्यांच्या मुक्कामास त्याच्याकडे गेलों. यापूर्वीं दोनदां गेलों होतों, परंतु या खेपेस मुलाच्या मनांत निराळें होतें. वाईचें घर विकावें, तेथें आतां आहेच कोण, आणि आम्हीं दोघांनीं कायमचें त्याच्यापाशीं येऊन राहावें, असा त्याचा आग्रह होता. त्या आग्रहांत मायेखेरीज दुसरें कांहीं नव्हतें. आदल्या वर्षीं घाटाच्या पायऱ्यांवर पाय घसरून पत्नीचें मनगट मोडलें, आणि इतक्या दूर बसून आपल्याला कांहीं करतां आलें नाहीं, हें शल्य त्याच्या मनांत होतें. लागणारे कागद मिळवून त्यानें मेजाच्या खणांत ठेविले होते. मीं ‘हो’ म्हटलें नव्हतें, ‘नाहीं’ही म्हटलें नव्हतें. रोज सकाळीं चहाच्या वेळीं तो खण माझ्या समोर असे, इतकेंच.

आतां त्या चालत्या घराविषयीं. त्या देशांत ‘आर. व्ही.’ या आद्याक्षरांनीं ओळखल्या जाणाऱ्या गाड्यांपैकीं ती एक. आम्ही घरांत तिला घरगाडी म्हणतों. हिला स्वतःचें इंजीन नाहीं. मोटारीमागें जोडून न्यावयाची. आंत निजावयास पलंग, गॅसची शेगडी, भांडीं घासावयाची मोरी, शीतपेटी, शौचकूप, सर्व कांहीं. इंडियाना राज्यांतील एल्कहार्ट गांवाच्या आसपास यांचे मोठे कारखाने आहेत, आणि त्या देशांतील बहुसंख्य घरगाड्या तेथेंच तयार होतात. आमच्या पत्नीनें ती प्रथम पाहिली तेव्हां, ‘विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तें हेंच होय,’ असें म्हणून तिनें मोरीचा नळ सोडून पाहिला होता. गाडी मुक्कामास थांबली म्हणजे एका बाजूच्या भिंतीचा भाग मेजाच्या खणासारखा बाहेर सरकतो आणि खोली दोन हात रुंद होते. ही युक्ति मला फार आवडली. परंतु जेथें भिंत सरकते तेथें फट राहते. जेथून पाण्याच्या नळ्या आणि विजेच्या तारा तळांतून वर येतात तेथें भोंकें राहतात. आणि तळाला पत्रा नसून पन्हळी प्लॅस्टिकचा तक्ता ठोकलेला असतो. खारीला दीड-दोन इंचांची वाट पुरते. पुरली नाहीं तर ती कुरतडून पुरती करून घेते.

मिशिगनचा हिवाळा कडक. नोव्हेंबरांत नळ्यांतील पाणी काढून, वर आच्छादन घालून गाडी अंगणाच्या कडेला उभी करावयाची, ती एप्रिलांत उघडावयाची. आपल्याकडे चातुर्मासांत देव निजतात. तिकडे हिवाळ्यांत गाड्या निजतात. निजलेल्या घरांत कोण वस्तीस येतें, तें उठल्यावर कळतें.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यांत मुलानें आच्छादन काढून दार उघडलें. आंत ओल्या पाल्याचा आणि जनावराचा वास होता. दोन दिवे लागेनात. तारांचें वेष्टण सोललेलें होतें. बांकाची गादी फोडून आंतला स्पंज काढलेला होता. आणि बांकाखालच्या पेटींत, सरकत्या भिंतीच्या अगदीं लगत, पानें, स्पंज आणि चिंध्या यांचें एक गोल घरटें होतें. त्यांत चार पिलें. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, दोन काळीं आणि दोन करडीं. मीं सुनेला विचारलें, ‘दोन निरनिराळ्या आयांचीं कीं काय?’ ती जीवशास्त्र शिकलेली आहे. तिनें सांगितलें कीं, तिकडील काळी खार ही निराळी जात नसून करड्या खारीचाच काळा रंगभेद आहे, आणि एकाच विणींत दोन्ही रंगांचीं पिलें होऊं शकतात.

चिंध्या मात्र आमच्या ओळखीच्या निघाल्या. नातवाच्या बारशाला पत्नीनें आपलीं जुनीं नऊवारी लुगडीं फाडून एक गोधडी शिवली होती. ती प्रवासांत पांघरावयास म्हणून त्या पेटींत ठेविलेली होती. हिरव्या काठाचा एक तुकडा तर पिलांच्या अंगावर घेतल्यासारखा होता. बाहेर कुंपणावर त्यांची आई शेपूट झटकीत, दांत वाजवीत आमच्या नांवानें ओरडत होती. आतां पत्नी रागावणार, असें सर्वांना वाटलें. ती वांकून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, ‘बाळासाठींच शिवली होती; बाळांनाच लागली. दार लोटा. बाळंतीण आहे ती, वाऱ्यावर उभी आहे.’

येथून आमच्या घरांत जो वाद सुरू झाला तो पंधरवडाभर पुरला.

मुलाची बाजू अगदींच खोटी नव्हती. मेच्या शेवटच्या सोमवारास जोडून तिकडे सुटी असते, त्या सुटींत आम्हां सर्वांना घेऊन उत्तरेकडे मॅकिनॉचा मोठा पूल दाखवावयाचा बेत त्यानें हिवाळ्यांतच आंखून ठेविला होता आणि मुक्कामाच्या जागेचे पैसेही भरले होते. तारा कुरतडल्या जात असतां गाडी हांकणें धोक्याचें. आग लागावयाची भीति. ही भीति काल्पनिक नव्हे. खार, उंदीर, घूस या सर्वांना शास्त्रांत कृंतक म्हणतात. ‘कृत्’ म्हणजे कापणें हा धातु त्यांत आहे, आणि नांव ठेवणारानें फार नेमकें ठेविलें आहे; कारण यांचे पुढचे दांत जन्मभर वाढत राहतात, आणि कापीत राहिल्याखेरीज त्यांची गतिच नाहीं. तार कुरतडण्यांत खारीचा कांहीं द्वेष नसतो. विझलेल्या दिव्याखालीं बसून मुलाला हें पटविणें मात्र कठीण.

मग उपाय सुचूं लागले. सुचविणारे पुष्कळ, कारण तिकडे ज्याच्या दारीं अशी गाडी आहे त्याच्यापाशीं अशी एक हकीकत आहे. कोणी म्हणालें, डांबराच्या गोळ्या टाका. सुनेनें तें ताबडतोब बंद केलें. त्या गोळ्यांची वाफ बंद जागेंत माणसाला बाधते, आणि आपणांस पुढें त्याच गाडींत निजावयाचें आहे. कोणी पुदिन्याचें तेल सांगितलें. त्याचा वास चार दिवस माणसांना येतो, खारीला त्याचें फारसें कांहीं वाटत नाहीं. माणसाला ऐकूं न येणारा ध्वनि काढणारीं यंत्रें बाजारांत मिळतात. त्यांना हे प्राणी लौकरच सरावतात. विषाचें नांव एकानें काढलें, परंतु विष खाल्लेलें जनावर बहुधा भिंतीच्या पोकळींतच मरतें आणि मग ती भिंतच उकलावी लागते. आमच्या घरांत त्या सूचनेवर कोणी बोललेंच नाहीं. पिसाळण्याच्या रोगाचें भय मला होतें, तें सुनेनें दूर केलें: खारीसारख्या लहान कृंतकांत तो रोग जवळजवळ आढळतच नाहीं. चावा मात्र चांगलाच बसतो, तेव्हां जाड हातमोज्यांवांचून हात घालावयाचा नाहीं.

सर्वांत सयुक्तिक वाटली ती शेजारच्या गृहस्थांची सूचना. हे मोटारीच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले, वयानें माझ्याच बरोबरीचे, फार सज्जन. हिवाळ्यांत आमच्या दारांतलें बर्फ न सांगतां काढून जातात. त्यांच्यापाशीं तारेचा पिंजरा होता. त्यांत शेंगदाण्याचें लोणी ठेवावयाचें, खार आंत शिरली कीं दार पडतें, मग तिला मोटारींत घालून पंधरा मैलांवरच्या रानांत सोडून यावयाचें. पिलें वयांत असतील तर तींही बरोबर. ते म्हणाले, मी कित्येक सोडल्या आहेत. दार उघडतांच बाणासारख्या झाडावर जातात, पाहून आनंद होतो. ना विष, ना हत्या; गाडीही मोकळी आणि खारीला सबंध रान. मुलाला हें एकदम पटलें. खरें सांगावयाचें तर मलाही पटलें होतें. दयेचें काम आणि सोयीचें काम एकाच फेरींत होत असेल तर कोणाला नको आहे?

आमचा नातू तेरा वर्षांचा आहे. त्याचें मराठी शुद्ध आहे, फक्त ‘ळ’ त्याला अजून साधत नाहीं. त्याला शाळेंत प्रत्येक विधानाला आधार शोधावयास शिकविलें आहे, ही गोष्ट मला त्या शाळेची फार आवडते. दुसऱ्या दिवशीं रात्रीं जेवणाच्या वेळीं तो संगणकावरून कांहीं उतरवून घेऊन आला आणि वाचूं लागला. मेरीलंड राज्यांत काहीं संशोधकांनीं हाच प्रश्न तपासला होता. त्यांचा लेख २००४ सालीं प्रसिद्ध झाला. वस्तींतून पकडलेल्या ३८ करड्या खारींच्या गळ्यांत लहानसें रेडियो-यंत्र बांधून त्यांना एका मोठ्या रानांत नेऊन सोडलें, आणि मग त्यांचा माग ठेविला. ८८ दिवसांच्या आंत त्यांतील ९७ टक्के खारी एक तर मेल्या, नाहीं तर त्या रानांतून नाहींशा झाल्या.

वाढतां वाढतां पत्नीचा हात थांबला. ‘कां रे? रानांत खायला नव्हतें का?’

‘होतें, आजी. पण कोठें काय पुरलें आहे, तें त्यांना ठाऊक नव्हतें.’

मग त्यानें उलगडून सांगितलें. करडी खार आपला साठा एका जागीं ठेवीत नाहीं. शरद ऋतूंत एक फळ येथें, एक तेथें, अशीं शेंकडों फळें ती निरनिराळ्या ठिकाणीं मातींत पुरते आणि हिवाळ्यांत कांहीं स्मरणानें, कांहीं वासानें तीं उकरून काढते. नवीन रानांत तिचें असें कांहींच पुरलेलें नसतें. शिवाय तेथें आधींच वसलेल्या खारी असतात, त्या हिला हुसकून लावतात. कोणत्या झाडांत ढोली आहे, ससाणा कोणत्या बाजूनें येतो, हें हिला माहीत नसतें. म्हणूनच तिकडील कित्येक राज्यांत पकडलेलें जनावर परवान्यावांचून दुसरीकडे नेऊन सोडण्यास मनाई आहे. बाणासारखी झाडावर गेलेली खार आपण पाहतों. पुढचें पाहावयास आपण तेथें नसतों.

मुलगा कांहीं बोलला नाहीं. त्यानें एकदां आईकडे पाहिलें, आणि मग बराच वेळ तो पानांतला भात कालवीत राहिला. त्या रात्रीं पिंजऱ्याचा विषय पुन्हां निघाला नाहीं.

येथें एक आडवाट घेतों. नातवानें उतरविलेल्या कागदांतच मला असें आढळलें कीं, अमेरिकेच्या शहरांतून आज जिकडेतिकडे दिसणाऱ्या या खारी तेथें आपण होऊन आलेल्या नाहींत. जुन्या शहरांतून त्या जवळजवळ नाहींशा झाल्या होत्या. १८४७ सालीं फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन चौकांत तीन खारी मुद्दाम आणून सोडल्या, त्यांना घरटीं बांधून दिलीं, खाऊं घातलें. पुढें इतर शहरांनीं तोच कित्ता गिरविला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कांत १८७७ सालीं त्या सोडण्यांत आल्या. मुलांच्या मनांत भूतदया उपजावी, हाही त्यांत एक हेतु होता. त्याच सुमारास, १८७६ सालीं, हीच खार कोणी हौसेनें इंग्लंडांत नेली, आणि तेथें तिनें मूळच्या तांबड्या खारीला बहुतेक मुलखांतून उठविलें. तेव्हां आपल्या दारीं आलेल्या जनावराला रानटी म्हणून रानाची वाट दाखविण्यापूर्वीं, त्याला दारापर्यंत कोणीं आणलें याची चौकशी केलेली बरी. आपल्या शेकरूचें याच्या उलट आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी म्हणून त्याला मान मिळाला, भीमाशंकरला त्याच्यासाठीं अभयारण्य झालें. परंतु तें उंच झाडांच्या शेंड्यांवरून चालणारें, शेंडे तुटले कीं त्याचा रस्ताच तुटला. तें कोणाच्या गाडींत बाळंत व्हावयास येत नाहीं.

असो. जखमी आणि अनाथ वन्य प्राण्यांची शुश्रूषा करणारी परवानाधारक माणसें तिकडे गांवोगांव असतात. सुनेनें अशा एका बाईंना पिलांचें छायाचित्र पाठवून सल्ला विचारला. त्या म्हणाल्या, पिलें दोन-अडीच आठवड्यांचीं दिसतात. पांचव्या आठवड्याच्या सुमारास डोळे उघडतील, आठव्या-दहाव्या आठवड्यांत दूध सुटेल. करडी खार वर्षांतून दोनदां विते, एकदां हिवाळा सरतां सरतां आणि एकदां भर उन्हाळ्यांत. या वेळांना घरांतली खार बाहेर काढून भोंक बुजविणें म्हणजे बहुधा पिलांना आंत चिणणें होय. आई बाहेर, पिलें भिंतींत, आणि मग ती आई मूळचें भोंक सोडून दहा नवीं भोंकें पाडते. शक्य असेल तर थांबा. नसेलच, तर त्या जागेची शांतता थोडी मोडा. दिवसां उजेड ठेवा, मनुष्याचा आवाज राहूं द्या. खारीला एकाहून अधिक घरटीं ठाऊक असतात. ही जागा निर्धास्त नाहीं असें वाटलें तर ती स्वतःच एकेक पिलूं उचलून दुसरीकडे नेईल. घाई तिची तिला करूं द्या.

हें ऐकून पत्नीनें बोटांवर हिशेब केला. अडीच आठवडे झाले. सव्वा महिन्याला आणखी तीन आठवडे हवेत. ‘सव्वा महिना होईपर्यंत बाळंतिणीला कोणी हलवीत नाहीं. पुढचें तुम्ही आणि तुमचीं पुस्तकें पाहा.’ बाईंचा सल्ला आणि हिचा सव्वा महिना यांचा मेळ इतका चांगला बसला कीं, मुलाला वाद घालावयास जागाच उरली नाहीं. त्यानें विजेचा प्रवाह मुळाशींच तोडून ठेविला, गॅसची टाकी काढून घेतली आणि दार लोटून घेतलें. शेजारच्या गृहस्थांना आम्हीं तो कागद वाचावयास दिला. त्यांनीं तो घरीं नेला, दुसऱ्या दिवशीं परत आणून दिला, आणि आपला पिंजरा परत मागितला नाहीं.

ते तीन आठवडे मीं फार सुखांत घालविले. सकाळीं सूर्य मेपलच्या शेंड्यांवर आला कीं ती काळी बाई भिंतीच्या फटींतून बाहेर पडे, कुंपणावरून धांवत जाऊन ओकच्या झाडाखालीं उकरी, आणि अर्ध्या घटकेंत परत येई. त्याच अंगणांत पाठीवर पट्टे असलेला एक लहान प्राणी हिंडतो, त्याला तिकडे चिपमंक म्हणतात. नातवाचें म्हणणें पडलें कीं, रामानें कुरवाळलेली खार ती हीच. कुरवाळून घेऊन ती अमेरिकेला निघून आली. मीं या पाठभेदाला मान्यता दिली नाहीं.

मे महिना लागतांच दुसरा भाग सुरू झाला. बाईंनीं सांगितल्याप्रमाणें गाडींत मनुष्याचा आवाज हवा होता. मुलगा आकाशवाणीचें यंत्र ठेवणार, तोंच नातू म्हणाला, ‘आजोबांनाच बसवूं या कीं.’ त्याप्रमाणें रोज सकाळीं नऊ ते दहा मी घरगाडींत खुर्ची टाकून, पडदे सारून, संस्कृतची उजळणी मोठ्यानें करूं लागलों. पहिल्या दिवशीं अकारान्त राम-शब्दापासून आरंभ केला. खार पेटीच्या कडेवर येऊन माझ्याकडे रोखून पाहत बसली. ती इतकी स्थिर बसली होती कीं माझा उत्साह वाढला आणि मी हलन्त शब्दांपर्यंत गेलों. दुसऱ्या दिवशीं ती अस्वस्थ दिसली. तिसऱ्या दिवशीं मी धातूंकडे वळलों. भू-धातूचे लकार चालू असतां तिनें एक करडें पिलूं पोटाच्या सैल कातड्याला धरून उचललें, तें तिच्या मानेभोंवतीं पायांनीं बिलगलें, आणि ती माझ्या देखत फटींतून बाहेर गेली. कुंपण, कुंपणावरून मेपल, मेपलवर चाळीस फूट उंच, जेथें पानांचा एक जुना गोळा फांदीच्या बेचक्यांत होता तेथें. येऊन दुसरें नेलें. पुन्हां येऊन तिसरें. पत्नी स्वयंपाकघराच्या खिडकींतून पाहत होती. तिनें मला मागाहून सांगितलें कीं, वाईच्या शाळेंतलीं मुलेंही तिसऱ्या दिवसापर्यंतच टिकत असत.

चौथें पिलूं राहिलें. दुपार झाली, तरी ती येईना. मेपलच्या बुंध्याशीं दोन परकीं कुत्रीं येऊन गेलीं, त्यानें ती बिचकली असावी. त्या प्रदेशांत मेच्या आरंभीं दुपारीं ऊन असतें, पण सूर्य कलला कीं गारठा पडतो. पिलूं उघड्या घरट्यांत एकटें हुळहुळत होतें. पत्नीनें वाटींत दूध आणि कापसाची वात आणलीच होती, परंतु सुनेनें तिचा हात धरला; गाईचें दूध या पिलांना सोसत नाहीं. मग बाईंच्या सांगण्यावरून मुलानें हातमोजे चढविले, जोड्यांच्या रिकाम्या खोक्यांत गोधडीचा तो हिरव्या काठाचा तुकडा अंथरला, खालीं कोमट पाण्याची बाटली फडक्यांत गुंडाळून ठेविली, आणि त्यावर पिलूं ठेवून खोकें मेपलच्या बुंध्याशीं नेऊन ठेविलें. माणसाचा हात लागला म्हणजे आई पिलाला टाकते, ही समजूत खारीच्या बाबतींत खरी नाहीं. नातवानें कुत्रीं येऊं नयेत म्हणून फाटकाशीं पहारा दिला, आणि आम्ही सर्व घरांत खिडकीपाशीं उभे राहिलों.

चार वाजले, पांच वाजले. मुलानें दोनदां जाऊन बाटलींतलें पाणी बदललें. साडेसहा वाजतां तो म्हणाला, आणखी अर्धा तास पाहूं, मग त्या बाईंकडे मोटारीनें नेऊन पोंचवूं. त्याला त्या सायंकाळीं कामावरची एक महत्त्वाची बैठक होती. ती त्यानें दूरध्वनीवरून पुढें ढकललेली मीं ऐकली. पावणेसात वाजतां ती बुंध्यावरून उलटी, डोकें खालीं करून, एकेक पाऊल थांबत उतरली. खोक्याच्या कडेवर बसून तिनें सर्व बाजूंना पाहिलें. पिलूं उचललें. मग काय वाटलें कोण जाणे, तें खालीं ठेवून तिनें काठाचा तुकडा दांतांनीं ओढून पाहिला. तो फार लांब होता. तो सोडून, पिलूं घेऊन ती वर गेली. पत्नी देवापाशीं दिवा लावावयास निघून गेली. मुलगा खिडकीपाशींच उभा होता. तो माझ्याकडे न पाहतां म्हणाला, ‘बाबा, त्या मेपलला काय कमी होतें, आणि ही गाडींत कां आली?’ मीं म्हटलें, ‘हिवाळ्यापुरती आली असेल.’

पुढील कामाचा विस्तार करीत नाहीं. दोन दिवस घरटें रिकामें असल्याची खात्री करून घेतली. फटीच्या तोंडाशीं कागदाचा बोळा बसविला होता तो हलला नाहीं. मग तोंडाला पट्टी बांधून सर्व झाडलोट केली, कारण अशा जागेंतली वाळलेली घाण धुळीबरोबर श्वासांत जाणें बरें नव्हे. ती आधीं जंतुनाशकानें भिजवून मग पुसावयाची. भोंकें बुजवितांना फुगणारा फेस एकटा उपयोगी नाहीं, खार तो पावासारखा पोखरते. त्यावर अर्ध्या इंचाच्या विणीची पोलादी जाळी आणि जेथें जमेल तेथें पत्रा हवा. लहान फटींत पोलादी लोकरीपेक्षां तांब्याची जाळी कोंबावी. ती गंजत नाहीं. मुलगा, नातू आणि मी असे तिघे दोन रविवार गाडीखालीं पाठीवर निजून हें करीत होतों. तारा नव्यानें घालण्याचा खर्च सहाशें डॉलर आला. मॅकिनॉचा पूल आम्हीं ठरल्या दिवशींच पाहिला. तो पांच मैल लांब आहे आणि १९५७ सालीं वाहतुकीस खुला झाला. वारा इतका होता कीं पत्नीनें डोळे मिटून रामरक्षा म्हटली.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी चहा घेत होतों. मेजाचा खण अर्धवट उघडा होता आणि मुलगा त्यांतून वाईच्या गवंड्याचा क्रमांक लिहिलेली जुनी वही काढून दूरध्वनीवर बोलत होता. पाऊस तोंडावर आला आहे, चार दिवसांत कौलें चाळून घ्या, मागच्या पडवीचें आढें वाळवीनें खाल्लें आहे काय तें पाहा, पैसे मी आजच पाठवितों, आई-बाबा गणपतीच्या आधीं तेथें पोंचतील, असें तो सांगत होता. पलीकडून गवंडी माकडांची तक्रार करीत असावा, कारण वाईस कौलें टिकूं देत नाहींत तीं माकडेंच. त्यावर मुलानें त्याला कोणता उपाय सांगितला, तें मला ऐकूं आलें नाहीं. सुनेनें चटणी वाटावयास यंत्र सुरू केलें होतें.